पैलवानाच्या पोटातलं लोणचं

“यात आता काय कमी आहे, आक्का?”

बसवंतनं विचारलं खरं, पण त्याला उत्तर नकोच होतं. त्याला आक्कांचा चेहरा बघायचा होता.

भट्टी सकाळीच उघडली होती. तिच्या तोंडाशी पोतं अंथरून त्यानं आपली बरणी ठेवली होती. ठेवली होती म्हणण्यापेक्षा बसवली होती म्हणावं, कारण ती बरणी म्हणजे एक पैलवान होता. मांडी घातलेला, छाती काढलेला, एक हात शड्डू ठोकायच्या बेतात उचललेला. दंडावरच्या शिरा हात लावून बघाव्यात अशा. मान ताठ, नजर करारी. डोक्याला घट्ट बांधलेला पटका आणि त्याला ऐटदार तुरा. तुऱ्याला धरून पटका उचलला की तेच झाकण, आणि आत पैलवानाच्या पोटात लोणचं भरायची सोय.

रंगूआक्का बरणीभोवती एक फेरी मारून आल्या. वाकून पाठ बघितली. पदरानं तुऱ्यावरची राख पुसली.

“लोणचं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“काय कमी आहे म्हणून विचारलंस ना? लोणचं.”

आजूबाजूचे शिष्य खो खो हसले. बसवंतही हसला, पण ते हसू नुसतं ओठांवरचं होतं.

हिरण्यकेशी नदीच्या काठी एक बंद पडलेलं गुऱ्हाळ होतं. जिथं पूर्वी गुळाची काहील चढायची, तिथं रंगूआक्कांनी भट्टी बांधली, आणि बघता बघता गाव त्या जागेला मठ म्हणू लागलं. मठात देव नव्हता, गादी नव्हती. होत्या त्या आक्का आणि त्यांनी मातीतून जन्माला घातलेली प्रजा. मिठासाठी आ वासलेला बेडूक. ज्याला मीठ हवं त्यानं सरळ त्याच्या तोंडात हात घालायचा. दह्यासाठी अंगाचं मुटकुळं करून झोपलेली मांजर. दिव्यासाठी घुबड, ज्याच्या डोळ्यांतून उजेड पडायचा. नवा माणूस पंगतीला बसला की बेडकाच्या तोंडाशी त्याचा हात अडखळायचा, आणि मग तो स्वतःच हसायचा. आक्का त्या हसण्याची वाट बघत बसलेल्या असत.

लांबलांबून माणसं शिकायला येत. त्यांची परीक्षा अशी काही नव्हती. एखाद्या दिवशी भाकरी थापता थापता आक्का म्हणायच्या, “जा, तुझी भट्टी लाव.” झालं. तो माणूस त्यांच्या पाया पडायचा आणि आपल्या वाटेला लागायचा.

बसवंतच्या मागून आलेल्यांनाही ते शब्द मिळाले होते. ज्यांच्या झाकणांचा आणि बरण्यांचा आयुष्यात कधी मेळ बसला नाही, त्यांनाही मिळाले होते. आणि ज्याच्या बोटाखाली माती श्वास घ्यायला लागते असं येणारेजाणारे म्हणायचे, तो बसवंत अजून इथंच माती मळत होता.

“आक्का, मस्करी नको,” तो म्हणाला. “मला खरं सांगा. मी भट्टी लावू का?”

आक्कांनी पैलवानाच्या खांद्यावर राहिलेली राख फुंकली.

“ही बरणी गौरव्वाच्या घरी देऊन ये,” त्या म्हणाल्या. “तिच्याकडं खाणारी तोंडं पुष्कळ आहेत. पावसाळा सरला की बघू.”

गौरव्वाचं घर गावाच्या वेशीवर होतं. नवरा, दीर, जावा, पोरं आणि म्हातारा सासरा मल्लाप्पा. चुलीवरचा तवा सहसा थंड न होणारं घर. बसवंतनं बरणी तिच्या हातात दिली, तेव्हा गौरव्वा दारातच थबकली.

“आगं बाई! ह्यो तर बोलंल आता!”

ते वाक्य बसवंत मठात परतेपर्यंत मनात घोळवत राहिला.

पावसाळा सरला. बसवंत गौरव्वाकडं गेला आणि तरंगतच मठात परत आला. आक्का ओसरीवर बसून ओल्या मातीतून एका कोंबडीची चोच काढत होत्या.

“आक्का, तुम्ही यायला हवं होतं!”

“का? काय झालं?”

“त्यांनी पैलवानाला भिंतीतल्या देवळीत बसवलाय. देवळीत! खाली रेशमी फडका. गळ्यात झेंडूची माळ. पाहुणा आला की आधी पैलवान दाखवतात आणि मग चहा देतात.”

“बरं.”

“जावा रोज पुसतात त्याला. पोरांना हात लावू देत नाहीत.”

“बरं. आणि लोणचं?”

बसवंत जरा घुटमळला.

“लोणचं… जुन्या बरणीत आहे.”

“का?”

“गौरव्वा म्हणते, हात आत जात नाही. आणि तुरा मनगटाला टोचतो.” त्यानं घाईघाईनं पुढं जोडलं, “ते होणारच हो आक्का. डोकं अंगाच्या मापात ठेवलं की तोंड बारीकच होणार. मोठं केलं असतं तर पैलवान बेढब दिसला असता. मी ते मुद्दामच तसं ठेवलं.”

आक्कांनी कोंबडीची चोच खाली वाकवली. आता ती दाणा टिपत असल्यासारखी दिसायला लागली.

“म्हणजे इतके दिवस त्याच्या पोटात काहीच नाही?”

“नाही.”

“अरेरे,” आक्का कळवळून म्हणाल्या. “उपाशी पैलवान…”

बसवंत त्या दिवशी जेवला नाही. त्याला आक्कांचा राग आला, गौरव्वाच्या हाताचा राग आला, आणि झेंडूच्या माळेचाही आला. मग त्यानं मनाशी काहीतरी ठरवलं आणि पुढची भट्टी लागेपर्यंत कोणाशी फारसा बोलला नाही.

त्या भट्टीतून त्याची दुसरी बरणी निघाली.

ती साधी होती. इतकी साधी, की शिष्य तिच्याजवळून पुढं गेले आणि मग थांबून मागं वळले. रुंद तोंड, गोल पोट, अंगाबरोबरचं झाकण. हात कोपरापर्यंत आत जाईल अशी. वर करडी झिलई. ना नक्षी, ना रेघ.

बसवंतनं ती दोन्ही हातांनी आक्कांसमोर ठेवली. या वेळी त्यानं मान खाली घातली होती. मान खाली घालताना ती किती खाली गेलीय, याकडं मात्र त्याचं लक्ष होतं.

“ही कोण?” आक्कांनी विचारलं.

“बरणी.”

“तुझी?”

बसवंत या प्रश्नाची वाटच बघत होता.

“कोणाचीच नाही, आक्का. मी तिच्यातून स्वतःला काढून घेतलं. आता तिच्यात बसवंत नाही.”

आक्कांनी बरणी मांडीवर घेतली. तिच्या पाठीवरून हात फिरवला. एखाद्या रडून थकलेल्या पोरीला जवळ घ्यावं तसं.

“अनाथ केलंस की रे हिला…” त्या म्हणाल्या.

बसवंतनं झटकन मान वर केली.

“पण तुम्हीच तर… पैलवानाला तुम्हीच उपाशी म्हणालात ना? मी पैलवान काढून टाकला! आता लोणचं मावतं, हात जातो, टोचत काही नाही. आता आणखी काय हवं?”

“काल गौरव्वा आली होती,” आक्का म्हणाल्या. “पैलवानाला भाऊ आहे का म्हणून विचारत होती. पोरांना आवडलाय म्हणे. ही बरणी दाखवू तिला? हा पैलवानाचा भाऊ म्हणून?”

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं.

“मग मी करू तरी काय?” बसवंतचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो आक्कांपुढं पहिल्यांदाच चढला होता. “आकार दिला तर उपाशी, नाही दिला तर अनाथ! मला येत नाही असं तरी सांगा, म्हणजे मी गावी जाऊन शेती बघतो.”

आक्का त्याच्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. उलट, पोरगं शेवटी रडलं म्हणून आईला बरं वाटावं, तसं काहीतरी होतं.

“कैऱ्या उतरल्यात,” त्या म्हणाल्या. “गौरव्वाला माणसं कमी पडतात. जा. लोणचं घालायला मदत कर.”

“लोणचं… घालायला?”

“कैऱ्या फोडता येतात ना?”

बसवंत गेला तो रागानंच गेला. पण गौरव्वाच्या घरात राग धरून बसायला कोपराच नव्हता. पुढच्या सोप्यात कैऱ्यांचा ढीग पडला होता. एक जाऊ मोहरी कुटत होती, दुसरी हळद भाजत होती, पोरं ढिगातून कैऱ्या पळवत होती आणि गौरव्वा एकाच वेळी सगळ्यांना ओरडत होती.

“आलासा अण्णा? बसा हितं. कोय न्हाई फुटली तर दाबून हाणा. घाबरू नगा, कैरी हाय, मूर्ती न्हाई!”

बसवंत अडकित्ता घेऊन बसला. थोड्याच वेळात त्याच्या बोटांना चिकानं चरचर सुटली आणि डोळ्यांत मोहरी गेली. जी बोटं मातीतून पापणी काढायची, ती कैरीच्या कोयीपुढं गयावया करू लागली. पोरांना त्याचं फार हसू आलं.

ढिगाच्या पलीकडं, भिंतीला टेकून मल्लाप्पा बसला होता. गौरव्वाचा सासरा. एकेकाळी या पंचक्रोशीत त्याच्या नावानं कुस्तीचं मैदान भरायचं. आता अंग सैल झालं होतं, पोट मांडीवर उतरलं होतं आणि डोळ्यांपुढं सगळं धुकं होतं. डोक्याला मात्र अजून जुन्या वळणाचा पटका. वेढ्यावर वेढे, टोपलीएवढा.

“कोण हाय?” त्यानं विचारलं.

“मठातला बसवंत, अज्जा.”

“पैलवान केलेला?”

“होय.” बसवंतची छाती आपोआप थोडी पुढं आली.

“मला कुणी हात लावू देईना झालेत त्याला. म्हातारा पाडंल म्हणत्यात. आण बघू जरा.”

बसवंत उठला आणि देवळीतून पैलवान काढून घेऊन आला. जावांनी श्वास रोखला. त्यानं तो मल्लाप्पाच्या मांडीवर ठेवला आणि माळ बाजूला केली.

मल्लाप्पाचे हात बरणीवरून फिरू लागले. मोठे, जाड, पण मांजराच्या पावलासारखे हलके हात. दंडावर थांबले. पोटरी चाचपली. छातीवरून गळ्यापर्यंत आले.

“अंग चांगलं कमावलंय,” तो म्हणाला.

बसवंत आणखी जवळ सरकला.

हात वर गेले. जबडा. गाल. मग दोन्ही अंगठे कानांवर येऊन थांबले… पुन्हा पुन्हा तिथंच फिरले. आणि मल्लाप्पा हसायला लागला. आधी गालात, मग सगळं पोट हलवून.

“काय झालं, अज्जा?”

“आरं, ह्याचं कान!”

“कानांना काय झालं?”

“काय बी न्हाई झालं, त्येच की! बघ.” त्यानं बसवंतचा हात ओढून आपल्या कानावर ठेवला. तो कान कानासारखा नव्हताच. घट्ट, गाठीगाठींचा, मुठीत चुरगळून सोडलेल्या कणकेसारखा. “तालमीत डोक्याला डोकं घासून कान फुटत्यात. ह्याचं तर नव्या नवरीवाणी हायेत. ह्यो मातीत उतरलाच न्हाई कवा. नुसता फोटू काढायला बसलाय!”

सगळं घर हसलं. गौरव्वानं तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलायचे थांबेनात.

बसवंतचं तोंड लाल झालं. मोहरीनं झालं म्हणावं तर तसंही नव्हतं.

“तुम्ही कधी हरलात, अज्जा?” त्यानं जरा तिखटपणेच विचारलं.

“तर! गोकाकच्या मैदानात अशी पाठ लागली माझी, की आभाळ पांढरं दिसलं. लोकं वरडत हुती. मी पडल्यापडल्या म्हणलं, आता उठायचंच न्हाई, हितंच मरतो. तर ज्यानं पाडलं, त्येनंच खांद्यावर घेतला मला. घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं पुरणाच्या पोळ्या केल्या हुत्या पोराच्या जितीच्या. मी एवढ्या खाल्ल्या, एवढ्या खाल्ल्या, की ती माउली म्हणाली, नक्की जितलं कोण?”

मल्लाप्पा बोलता बोलता त्या पोळ्यांच्या चवीत हरवला. त्याचे डोळे मिटले, गाल वर आले, बोळक्या तोंडावर हसू पसरलं. मांडी ऐसपैस, हात पोटावर, टोपलीएवढा पटका एका बाजूला कललेला.

बसवंतनं पुन्हा उचललेला अडकित्ता हातात तसाच राहिला.

तो बघत होता… किती वेळ, ते त्याला कळलं नाही.

“अण्णा,” गौरव्वा म्हणाली, “कैऱ्या आपल्याआपण फुटत न्हाईत.”

कैऱ्या फुटल्या, मसाला कालवला, लोणचं भरलं. काम संपलं तरी बसवंत मात्र तिथं जातच राहिला. कधी शेंगा फोडायला, कधी मल्लाप्पाला नदीवर न्यायला, कधी नुसताच. घरातली भांडी कुणाच्या हातून कशी उचलली जातात, ते तो बघायचा. गौरव्वा एका काखेत पोर घेऊन दुसऱ्या हातानं झाकण काढायची आणि ते ठेवायला जागा न सापडून दातात धरायची. धाकटी जाऊ बरणी गुडघ्यांत पकडायची. मल्लाप्पाला चोरून लोणचं खायचं असे, आणि जुनी बरणी त्याला नेमकी सापडत नसे.

मठात आल्यावर तो मातीशी बसायचा. घडवायचा, मोडायचा, पुन्हा घडवायचा. कधी कधी एकटाच हसायचा. शिष्य एकमेकांकडं बघायचे. आक्का बघायच्याच नाहीत.

तिसरी भट्टी उघडली तेव्हा बसवंतनं कुणाला हाक मारली नाही. आपली बरणी काढली, फडक्यानं पुसली, काखेत घेतली आणि चालू लागला.

“दाखवणार नाहीस?” आक्कांनी ओसरीवरून विचारलं.

“तुम्ही बोलावणं आलं की या, आक्का,” तो म्हणाला. “आधी लोणचं घालू दे त्यांना.”

बोलावणं आलं ते पुढं बऱ्याच दिवसांनी. गौरव्वाच्या घरी जेवायला. आक्का पांढरं लुगडं नेसून, काठी टेकत निघाल्या. बसवंत मागून चालत होता. आपण फार शांत आहोत असं त्यानं स्वतःला वाटेत अनेकदा सांगितलं.

सोप्यात पाटपाणी झालं. भरली वांगी, पातळ पिठलं, जोंधळ्याच्या भाकरी, ताक. भाकरी ताटात पडते न पडते तोच मल्लाप्पा ओरडला,

“माझा पटका काडा की कुणीतरी!”

आणि धाकट्या नातीनं भिंतीजवळच्या नव्या पैलवानाचा पटका उचलला.

तो पैलवान आता म्हातारा होता. पोट मांडीवर उतरलेलं, डोळे मिटलेले, गाल वर आलेले. समोर पुरणपोळी ठेवल्यासारखा खुशीत. कान फुटलेले. पटका टोपलीएवढा, त्यामुळं त्याच्याखाली तोंडही चांगलं रुंद, आणि डोकं अंगाच्या मानानं भलतंच मोठं. नातीनं पटका काढून त्याच्याच मांडीतल्या खोलगट जागेत ठेवला. तो तिथं मुद्दाम केल्यासारखा बसला. मग तिचा सगळा हात आत गेला आणि तेलानं माखलेल्या फोडी घेऊन बाहेर आला.

पैलवानाच्या पोटावर सगळ्या घराच्या तेलकट बोटांचे ठसे होते. डाव्या पायाचा अंगठा उडाला होता.

गौरव्वाच्या ते लक्षात आलं. तिनं जीभ चावली.

“अण्णा, रागावू नगा हं. धाकटीनं वढत न्येला त्याला. मी कणकेनं चिकटवलं हुतं बोट. मुंग्यांनी खाल्लं.”

बसवंतनं उडालेल्या अंगठ्याकडं बघितलं. छातीत कळ येते का, याची वाट बघितली.

“मुंग्यांना गोड लागलं असेल,” तो म्हणाला.

गौरव्वानं सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी पडली.

पण मन हे मन असतं. अंगठ्याचं त्याला काही वाटलं नाही, तरी एक डोळा आक्कांवरच होता. आता बघतील. आता बघतील…

आक्का जेवत होत्या. भाकरी मोडत होत्या, पिठल्याचा घास करत होत्या, लोणच्याची फोड चोखत होत्या.

“गौरव्वा, यात मेथी भाजून घातलीस का?”

“व्हय आक्का. थोडी.”

“छान उतरलंय. आण आणखी.”

पटका उतरला, पटका चढला. आक्कांची नजर ताटातून हलली नाही. मल्लाप्पानं गोकाकची गोष्ट सांगितली आणि आक्कांनी ती ठसका लागेपर्यंत हसत ऐकली. पुन्हा लोणचं मागितलं. हात धुतले, सुपारीचं खांड तोंडात टाकलं, पोरांच्या गालांवरून हात फिरवला आणि उठल्या. बरणी त्यांच्या पावलापासून हातभर अंतरावर होती. तिला वळसा घालून त्या दाराबाहेर पडल्या.

रस्त्यावर ऊन कलतं होतं. दोघं उसाच्या कडेकडेनं चालली होती. बसवंतनं पुष्कळ दम धरला. ओढ्याच्या उतारावर मात्र त्याला राहवेना.

“आक्का…”

“हं.”

“बरणी कशी होती?”

आक्का थांबल्या. कपाळाला आठ्या घालून त्यांनी खरोखरच आठवायचा प्रयत्न केला.

“कुठली बरणी?”

बसवंत जागच्या जागी उभा राहिला.

वाऱ्यानं उसाची पानं सळसळली. पलीकडं कुणीतरी बैलांना पाणी दाखवत शीळ घालत होतं.

“लोणचं होतं ना… ती,” तो म्हणाला.

“लोणचं झकास होतं,” आक्का म्हणाल्या.

आधी बसवंतला वाटलं, आपल्याला राग आलाय. मग वाटलं, रडू. पण बाहेर आलं ते हसू. ते थांबेना. तो ओढ्याच्या काठावर खाली बसला आणि पोट धरून हसला, मल्लाप्पासारखा, सगळं अंग हलवून. आक्का काठीवर हनुवटी टेकून त्याच्याकडं बघत उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं.

हसू ओसरलं, तेव्हा त्यानं डोळे पुसले.

“जागा बघितलीस का?” आक्कांनी विचारलं.

“कसली?”

“भट्टीची. जा, तुझी भट्टी लाव.”

बसवंतला क्षणभर कळलंच नाही, की ज्यासाठी आपण इतकी वर्षं कान टवकारून बसलो होतो ते हेच शब्द. ते असे, चालता चालता, सुपारी चघळत येतील असं त्याला वाटलं नव्हतं. तो उठला, वाकला, आक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांच्या पायांना ओढ्याची ओली माती लागली होती. ती त्याच्या कपाळाला लागली. त्यानं ती पुसली नाही.

“आमच्या गावाला, आजऱ्याच्या रस्त्याला एक पडीक गोठा आहे,” तो म्हणाला. “पाणी जवळ आहे. माती आणावी लागेल.”

“लाकूड?”

“मिळेल.”

“मग झालं.”

दोघं पुन्हा चालू लागली. मठाचं धुराडं दिसायला लागलं. बसवंतच्या मनात भट्टी उभी राहत होती, तिचं तोंड, तिचं छप्पर, ओसरी, आणि ओसरीवर बसलेले कुणीतरी नवे, अनोळखी चेहरे. त्यांची नजर त्याच्याकडं लागलेली. तो एकदम गंभीर झाला.

“आक्का, एक विचारू?”

“विचार.”

“तिथं कुणी माझ्याकडं शिकायला आलं… तर मी त्याला सगळ्यांत आधी काय सांगू?”

आक्का थांबल्या. त्याच्याकडं टक लावून बघितलं. मग कपाळावर हात मारला, काठी फिरवली आणि आलेल्या वाटेनं झपझप परत चालू लागल्या.

“आक्का! अहो, कुठं निघालात?”

त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

“तुझ्या भट्टीसाठी लोणचं बांधून घ्यायचं राहिलं!”